त्वचेच्या आजाराची जीन टेस्ट आणि काउन्सेलिंग: कुडाळहून मुंबईला जाऊन केली, आमचा अनुभव

मुलगी जन्मली तेव्हा अंगभर पातळ प्लास्टिकसारखं आवरण होतं, ते निघालं आणि खाली सगळी खवलं. लॅमेलर इक्थिओसिस हे नाव डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं पण का झालं हे चार वर्षं कोणी नीट सांगितलं नाही. गावात जो तो आपलं कारण सांगायचा, ग्रहणात बाहेर पडली असेल, देवाला गाऱ्हाणं घाला, आणि सगळं येऊन थांबायचं माझ्या बायकोवर.

शेवटी कोकणकन्या पकडून मुंबई गाठली. काउन्सेलर मॅडमनी पूर्ण तासभर दिला, त्यासाठीच मी पाचपैकी पाच देईन. दिसायला आजार एकच पण मागे बिघडलेला जीन वेगवेगळा असू शकतो, टीजीएम१, एबीसीए१२ असे बरेच, आणि नुसतं बघून कुठला ते कळत नाही म्हणून एक्झोम टेस्ट, म्हणजे आपल्या वीसेक हजार जीन्सचा प्रोटीन बनवणारा भाग वाचायचा.

आमच्यात टीजीएम१ निघाला. या आजाराशी त्याचा संबंध १९९५ सालीच सापडलाय, आणि आम्ही इतकी वर्षं अंगारे लावत होतो! या जीनपासून बनणारं एन्झाइम त्वचेच्या वरच्या थरातली प्रोटीन्स एकमेकांना घट्ट जोडतं, ते नसलं की चिरे रचलेत पण मध्ये चुनाच नाही अशी गत, पाणी आतून उडून जातं. बिघडलेली एक प्रत माझ्याकडून, एक तिच्या आईकडून. आम्हा दोघांकडे दुसरी प्रत चांगली आहे म्हणून आम्हाला काही नाही. बायको माझ्या मामाचीच मुलगी, ते मॅडमनी विचारलं, पण एकदाही दोष दिल्यासारखं बोलल्या नाहीत. पुढच्या प्रत्येक बाळंतपणात २५ टक्के शक्यता, दर वेळी नव्याने, आणि अकराव्या आठवड्यानंतर गर्भाची तपासणी करता येते हेही समजावलं.

घरी येऊन आईला कागदावर चित्र काढून दाखवलं तर ती बराच वेळ गप्प, मग म्हणाली, "मगे तिचो एकटीचो दोष नाय." बायको उठून आत गेली आणि रडली.

तक्रारी आहेत. रिपोर्ट चार आठवड्यांत म्हणाले, सात लागले, फोन केला की रिसेप्शनवर रोज वेगळं उत्तर. रिपोर्ट सगळा इंग्रजीत, मराठीत एक पान दिलं असतं तर काय बिघडलं असतं? आणि टेस्टने उपचार बदलत नाहीत, व्हॅसलीन, युरिया क्रीम, रोजची लांब आंघोळ तेच चालू. २०२३ मध्ये अमेरिकेत जीन घातलेलं जेल मंजूर झालं पण ते अंगाला फोड येणाऱ्या दुसऱ्या आजारावर, सीओएल७ए१ जीनच्या, हे मॅडमनी स्पष्ट सांगितलं, खोटी आशा दाखवली नाही.

जाणार असाल तर नवराबायको दोघंही जा, आईला एकटीला पाठवू नका. आणि मे महिन्यात पोराला घेऊन प्रवास नको, या मुलांना घाम नीट येत नाही, अंग तापतं. आम्ही ओल्या पंचात गुंडाळून आणली तिला, चिपळूणपासून दर स्टेशनला पंचा भिजवत.