पिझ्झासाठी मोझरेला चीज: किसलेलं पाकीट की ठोकळा?

किसलेल्या मोझरेलाचं २०० ग्रॅमचं पाकीट सोयीचं खरं, पण कीस चिकटू नये म्हणून त्याला बहुधा स्टार्च किंवा सेल्युलोजची भुकटी लावलेली असते. म्हणून ते ठोकळ्याइतकं एकजीव वितळत नाही, तारही कमी सुटते. ठोकळाच घ्या. किसण्याआधी १५ मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवला की किसणीवर लगदा होत नाही. कीस पसरायचं काम पोरांकडे द्यावं. मधोमध ढीग तेवढा होऊ देऊ नका.

आठ इंची बेसला ८० ग्रॅम पुरे. जास्त घातलं की वर तेल सुटतं. बेस ओला राहतो तो मात्र बहुतेकदा भाज्यांच्या पाण्याने: टोमॅटोच्या बिया काढा, ढोबळी मिरची दोन मिनिटं परता. ओटीजी ओव्हन २३० अंशांवर १५ मिनिटं आधी तापवून पिझ्झा ८-१० मिनिटं भाजा.

तव्यावर करताना बेस एका बाजूने शेकून उलटा, शेकलेल्या बाजूवर सॉस नि चीज, मंद आच, वर झाकण. झाकणाच्या आतलं पाणी मध्ये एकदा पुसा, नाहीतर थेंब थेट चीजवर.

आणि प्रोसेस्ड चीजचे क्यूब? सँडविचला ठीक, इथे तार येत नाही.