व्हिडिओवरचं न्यूरो सेकंड ओपिनियन घ्यावं का? माझ्याकडून 5 पैकी 4

ताईच्या एमआरआयमधे एव्हीएम, म्हणजे मेंदूतल्या धमन्या आणि शिरांचा गुंता निघाला, तोही सायनसच्या त्रासासाठी केलेल्या स्कॅनमधे, म्हणजे ब्लीड नाही, फिट नाही, काहीच नाही. पहिल्या डॉक्टरांनी "डोक्यात टाइमबॉम्ब आहे, काढून टाका" एवढंच सांगून बाहेर पाठवलं आणि घरात सगळ्यांची झोप उडाली. म्हणून हे ऑनलाइन ओपिनियन. नाव मुद्दाम देत नाही, अशा सर्व्हिसेस बऱ्याच आहेत, फी भरून काय मिळायला पाहिजे ते सांगतो.

आधी वैताग. सीडीवरच्या फाइल्स अपलोड होता होत नाहीत, आणि चॅटवरचा माणूस म्हणतो रिपोर्टचा फोटो पाठवा चालेल. अजिबात चालत नाही! रक्त कुठल्या शिरेतून बाहेर पडतंय यावर सगळं ठरतं, ते फोटोत काय कळणार. भांडा, पण डीएसए म्हणजे डोक्याची अँजिओ केली असेल तर ती पूर्ण चढवूनच घ्या.

कन्सल्ट मात्र एक नंबर. मॅडमनी स्क्रीनवर अँजिओ एकेक फ्रेम पुढे नेत कर्सर ठेवून दाखवलं की बाकी मेंदूत डाय अजून नीट पसरला पण नाही आणि इकडे एक जाड शीर आधीच काळी दिसतेय, कारण गुंत्यात केशवाहिन्याच नाहीत, धमनीचं प्रेशर थेट पातळ शिरेवर. मग ताईने सरळ विचारलं, काहीच केलं नाही तर काय होईल?

उत्तर असं की कधीच न फुटलेल्या एव्हीएमला वर्षाला साधारण 2 टक्के रिस्क, एकदा फुटलेल्याला साडेचारच्या आसपास आणि फुटल्यानंतरचं पहिलं वर्ष सगळ्यात वाईट. गुंता खोल असेल, रक्त फक्त खोलच्या शिरांतून जात असेल किंवा जोडीला अ‍ॅन्युरिझम (धमनीला आलेला फुगा) असेल तर आकडा वर सरकतो. ताईचं यातलं काहीच नाही. मी म्हटलं 2 टक्के म्हणजे किरकोळच की, तर त्यांनी तिथेच कॅल्क्युलेटर उघडला, 40 वर्षं धरली तर निदान एकदा ब्लीड होण्याची शक्यता 55 टक्के. आणि वर्षाला 1 टक्का धरला तर तेच 33! म्हणजे सुरुवातीचा आकडा कोण कुठला धरतो यावर घाबरायचं किती ते ठरतं, आणि हे त्यांनी स्वतःहून सांगितलं हे मला फार आवडलं.

फिनलंडचा 1990 चा अभ्यास पण सांगितला, उपचार न केलेले पेशंट सरासरी जवळपास 24 वर्षं बघितले, वर्षाला 4 टक्के ब्लीड आणि 1 टक्का मृत्यू, पण त्यातले बरेच आधीच फुटलेले होते. याउलट 2014 ला आलेली अरुबा ट्रायल फक्त न फुटलेल्यांची, तिथे नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांत स्ट्रोक किंवा मृत्यू 10 टक्के आणि उपचार केलेल्यांत 31. लगेच पुढे म्हणाल्या की हे सरासरी 33 महिन्यांचं आहे, ऑपरेशनचा धोका सुरुवातीलाच दिसतो आणि न करण्याचा वर्षानुवर्षं साठत जातो, तुमची ताई चाळिशीत आहे, सत्तरीत असती तर मी वेगळं बोलले असते. टाइमबॉम्बवाल्यांकडून हे ऐकायला मिळालं असतं तर!

एक स्टार कापला कारण फिट्सचा विषय दोन वाक्यांत उरकला. ब्लीड झाला नाही तरी फिट येऊ शकते, मग गाडी चालवायची का वगैरे काहीच बोलणं नाही. लेखी रिपोर्ट पण असा की घरी कोणालाच कळला नाही.

रिपोर्टमधे नुसतं डीव्हीए लिहिलं असेल तर फी वाचवा, ती शिरांची वेगळी ठेवण असते, सहसा त्रास देत नाही आणि मेंदूचं रक्त तिच्यातूनच जातं म्हणून तिला हात लावत नाहीत. कॅव्हर्नोमावाल्यांनी (मेंदूतल्या फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्यांचा पुंजका) मात्र ओपिनियन जरूर घ्या. तो ब्रेनस्टेमच्या, म्हणजे मेंदूच्या देठाच्या बाहेर असेल आणि कधी ब्लीड झाला नसेल तर 5 वर्षांत रिस्क 4 टक्क्यांच्या आसपास, पण ब्रेनस्टेममधे असून एकदा ब्लीड झालेला असेल तर 31, तिथे ऐकीव सल्ल्यावर राहू नका.

आणि अचानक भयानक डोकं दुखलं, बोलणं अडखळलं किंवा हातपाय लुळा पडला तर स्लॉट बुक करत बसू नका, सरळ इमर्जन्सी गाठा.