मशीनचं डायलिसिस की पोटाचं?

किडनी निकामी झाली की बहुतेकांना एकच वाट दाखवली जाते: आठवड्यातून तीनदा सेंटरवर जायचं आणि दर वेळी साधारण चार तास मशीनला लागायचं. पोटाच्या डायलिसिसचा, म्हणजे पीडीचा, विषय आपण काढल्याशिवाय निघेलच असं नाही. सेंटर चाळीस-पन्नास किलोमीटरवर असेल तर तो आवर्जून काढा.

मशीनच्या डायलिसिसची मोठी सोय म्हणजे सगळं काम टेक्निशियन करतात. हातावर फिस्टुला, म्हणजे धमनी आणि शीर यांचा ऑपरेशनने केलेला जोड, करून घ्यावा लागतो आणि तो तयार व्हायला दीड-दोन महिने जातात. त्यात चालढकल केली तर मानेत नळी घालून सुरुवात करावी लागते आणि जंतुसंसर्गाची भीती वाढते. फिस्टुलाच्या हाताचं रक्त काढू द्यायचं नाही, बीपीही बघू द्यायचं नाही. बोट ठेवून रोज थरथर तपासायची. ती थांबली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. खरा जाच पाण्याचा. दोन डायलिसिसच्या मधे साठलेलं पाणी चार तासांत ओढलं की बीपी पडतं, पायात गोळे येतात. आजारी माणसाला हमखास आणून दिलं जाणारं शहाळंही इथे पोटॅशियममुळे वर्ज्य.

पीडीत पोटात कायमची मऊ नळी बसवतात. साधारण दोन लिटर द्रव आत सोडायचा, काही तास ठेवायचा, काढायचा, नवा भरायचा. असं बहुधा दिवसातून चार वेळा. एका बदलाला अर्धा तास धरा. दार लावून, पंखा बंद करून, मास्क लावून, साबणाने हात धुऊनच नळीला हात लावायचा. इथे आळस चालत नाही. बाहेर आलेली पिशवी वर्तमानपत्रावर ठेवायची. अक्षरं वाचता आली तर ठीक. द्रव गढूळ दिसला, पोट दुखलं किंवा ताप आला तर थांबायचं नाही, पिशवी घेऊनच दवाखान्यात जायचं. खाण्यापिण्याची बंधनं तुलनेने सैल असतात आणि उरलीसुरली लघवी जास्त दिवस टिकते. मात्र द्रवातल्या ग्लुकोजने मधुमेहींची साखर चढते, प्रथिनंही वाहून जातात. पोटाची मोठी ऑपरेशनं झालेल्यांना बहुधा हे जमत नाही. नजर अधू असेल आणि घरी मदतीला कोणी नसेल तर मी मशीनच सुचवेन. बाकी धडधाकट, कामावर जाणाऱ्या माणसाला पीडी.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत मशीनचं डायलिसिस बसतं. पीडीच्या पिशव्यांचा महिन्याचा हिशेब आरोग्यमित्राकडून, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाकडून, आधीच करून घ्या.

दोन्हींपैकी काहीही चालू असलं तरी प्रत्यारोपण करता येतं. प्रकृती झेपणारी असेल तर तेच सर्वांत चांगलं. मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी नाव रुग्णालयामार्फत विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीकडे जातं. घरातला दाता असेल तर अवयव प्रत्यारोपण कायद्यातल्या 2011 च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा आणि नातवंडंही जवळच्या नात्यात मोडतात. तपासण्या डायलिसिस सुरू होण्याआधीच करायला घ्या, कारण काहींचं प्रत्यारोपण डायलिसिसशिवायच होऊन जातं.