नावरस अक्षर ‘ण’ आलं तेव्हा: बाळाची नावं सुचवणाऱ्या अ‍ॅपबद्दल

भावाला मुलगा झाला आणि आत्या म्हणून नाव ठेवायचा मान माझ्याकडे आला. वहिनीने मैत्रिणीच्या सांगण्यावरून बाळाची नावं सुचवणारं एक मराठी अ‍ॅप फोनवर घेतलं होतं. बारशापर्यंत घरातल्या सगळ्यांनी ते वापरलं, ₹199 भरून ‘संपूर्ण अहवाल’सुद्धा घेतला. माझं मत आधीच सांगून टाकते: फुकटचा भाग जरूर वापरा, अहवालाला पैसे घालू नका.

जन्मतारीख, वेळ आणि गाव भरलं की अ‍ॅप रास, नक्षत्र आणि चरण काढून देतं, आणि ते बरोबर देतं. मी दाते पंचांग उघडून ताडून पाहिलं. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो आणि नक्षत्राचे चार चरण, म्हणजे एक चरण सहा तासांच्या आसपास. नक्षत्र कधी लागलं नि कधी संपलं हे पाहून त्या वेळेचे चार भाग केले की कागदावरही हेच उत्तर येतं. आमचं बाळ नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी झालं. हस्त नक्षत्र, तिसरा चरण, कन्या रास. कोणत्या चरणाला नावाचं कोणतं पहिलं अक्षर (नावरस अक्षर) हे सांगणाऱ्या कोष्टकाला अवकहडा चक्र म्हणतात; त्यात हस्ताच्या चार चरणांची अक्षरं आहेत पू, ष, ण, ठ. आमच्या वाट्याला आलं ‘ण’.

इथे अ‍ॅपने मला खरोखर नाराज केलं. ‘ण’वरून नावं मागितली तर त्याने काही न सांगता ‘न’ची यादी पुढे केली. नचिकेत, नारायण, नीलकंठ, सगळी सुंदर नावं. पण ना, नी, नू, ने ही अनुराधा नक्षत्राची अक्षरं, रास वृश्चिक. म्हणजे एका पडद्यावर ‘कन्या रास’ आणि पुढच्या पडद्यावर वृश्चिकेची नावं. ज्याला राशीशी देणंघेणं नाही त्याला फरक पडणार नाही, पण तो माणूस जन्मवेळ तरी कशाला भरेल? जो भरतो तो विश्वासाने भरतो, त्याला गप्पपणे दुसरं अक्षर देणं बरोबर नाही.

आमच्या गुरुजींना फोन केला तर त्यांनी लगेच सांगितलं. ङ, ञ, ण ही अक्षरं नावाच्या आरंभी येत नाहीत, म्हणून त्यांच्या जागी अनुक्रमे ग, ज, ड घ्यावीत, असा जुना श्लोकच आहे. एकूण 108 चरणांत असे तीनच चरण आहेत: आर्द्राचा तिसरा, हस्ताचा तिसरा, उत्तराभाद्रपदाचा चौथा. अ‍ॅप करणाऱ्यांनी एवढी तीन ओळींची दुरुस्ती केली तर कितीतरी घरांचा घोळ वाचेल. मी तसं त्यांना कळवलंही आहे, उत्तर अजून आलेलं नाही.

‘ड’ म्हटल्यावर वहिनीचा चेहरा उतरला होता. पण गुरुजींनी पुढे जे समजावलं ते अ‍ॅपमध्ये कुठेच नाही, आणि ज्यांच्या घरी बारसं आहे त्यांनी ते जरूर माहीत करून घ्यावं. नामकरणात नाव एक नसतं, चार असतात: कुलदेवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहाराचं. चरणाचं अक्षर बांधून ठेवतं ते फक्त नक्षत्रनावाला. रोज हाक मारायचं नाव कुठल्याही अक्षराचं ठेवता येतं. अ‍ॅप मात्र चरणाचं अक्षर म्हणजेच नाव, असं धरून चालतं, आणि त्यामुळे आईबाप उगाच ‘ठ’ नि ‘ढ’शी झगडत बसतात.

आमचं कुलदैवत खंडोबा. वडिलांचं नाव मार्तंड, आणि ते नातवाला द्यावं अशी भावाची फार इच्छा होती. वडील जाऊन तीन वर्षं झाली. पण आईने जन्मात कधी त्यांचं नाव घेतलं नाही, ‘अहो’ नाहीतर ‘तुमचे बाबा’. ती म्हणाली, “अरे, ते नाव घेऊन मी त्याच्यावर ओरडू कशी?” चार नावांनी हा पेच सुटला. कुलदेवतेचं नाव ‘मार्तंडभक्त’. महिना श्रावण, म्हणून मासनाम ‘वासुदेव’. नक्षत्रनाम ‘डमरूधर’, शंकराचंच. आणि हाकेचं ‘मल्हार’. ताटात तांदूळ पसरून गुरुजींनी भावाकडून सोन्याच्या अंगठीने चारही नावं लिहून घेतली. ‘मार्तंड’मधला रफार काढताना त्याचा हात थांबला, तेव्हा आईने पदर डोळ्यांना लावला. मग मी पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र केलं.

अ‍ॅपमध्ये शोधाच्या चौकटीत ‘खंडोबा’ टाकलं तर काहीच येत नाही. मल्हार ‘राग आणि पाऊस’ या गटात सापडतं. मराठी म्हणवणाऱ्या अ‍ॅपमध्ये खंडोबा, जोतिबा, यमाई यांच्या नावांचा वेगळा गट हवाच.

पैसे भरून मिळालेला अहवाल म्हणजे बहुतेक अंकशास्त्र. ‘मल्हार’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ वाढवा, भाग्यांक जुळेल, असा सल्ला. याचा ना आमच्या परंपरेशी संबंध, ना व्यवहाराशी. जन्मदाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं स्पेलिंग झालं तर पुढे शाळेपासून पासपोर्टपर्यंत निस्तरत बसावं लागतं. अर्थांवरही डोळे झाकून विसंबू नका. ‘रेयांश’ म्हणजे सूर्याचा अंश असं छापलंय, पण ‘रेय’ म्हणजे सूर्य हे मला एकाही संस्कृत कोशात मिळालं नाही.

‘पूर्ण नाव पाहा’ ही सोय छान आहे, पण ती मूल, वडील, आडनाव एवढंच जोडते. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत बाळाच्या नावानंतर आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव येतं. चार शब्द सलग म्हणून पाहिल्याशिवाय नाव पक्कं करू नका. आणि ‘नाव ठरवायला इतकेच दिवस उरले’ अशा सूचना येतात त्यांनी घाबरूनही जाऊ नका. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते, पण नाव त्या नोंदीत 12 महिन्यांपर्यंत बिनाशुल्क घालता येतं.

सगळ्यात उपयोगी पडलं ते घरच्यांचं मतदान. दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की अ‍ॅप न घेताही मत देता येतं. बंगळुरूचा दीर, गावाकडची काकू, सगळ्यांनी भाग घेतला, आणि काकूंनी तर यादीत नसलेली घराण्यातली जुनी नावं लिहून पाठवली. ती यादी मी वहीत उतरवून ठेवली आहे.

काम झालं की खातं मात्र काढून टाका. बाळाची जन्मवेळ, जन्मगाव आणि आईचं नाव असं सगळं तिथे साठलेलं असतं, आणि ‘खातं हटवा’ हे ‘मदत’च्या आत अगदी तळाला आहे.