नागपूरच्या इतिहासावर प्रबंध: कोणतं साधन हाती घ्याल?

विषय ठरला की पहिलं गॅझेटिअर उघडलं जातं. 1908 चं नागपूर जिल्हा गॅझेटिअर वाचायला सोपं आणि माहितीनं भरलेलं आहे. विषयाची ओळख करून घ्यायला उत्तम, पण ते दुय्यम साधन. प्रबंध त्याच्यावरच उभा केला, तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तिथंच येतो. रिचर्ड जेंकिन्सचा नागपूर राज्यावरचा 1827 चा अहवाल काळानं जवळचा, पण 1817 च्या इंग्रज-भोसले सीताबर्डीच्या लढाईवेळी हाच गृहस्थ इथं रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी होता. पक्षकारच साक्षीदार! महसुलाचे आकडे घ्या, त्या लढाईतल्या विरुद्ध बाजूच्या अप्पासाहेब भोसल्यांवरची मतं मात्र तपासून.

भोसलेकालीन कारभारावर लिहायचं तर मोडी कागदांना पर्याय नाही. हिशेब, तक्रारी, नेमणुका त्या त्या वेळी कामापुरत्या लिहिलेल्या. भावी वाचकासाठी सजवलेल्या नव्हेत. अडचण वाचनाची. शब्द तोडलेले नसतात, इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं, संक्षेप भरपूर. नवशिक्याला एक पान दिवसभर पुरतं.

खरी चूक होते ती तारखेत. मोडी कागदांवर इसवी सन नसतं, शुहूर किंवा फसली अशी तेव्हाची कालगणना असते. शुहूर सनात जूनपासून डिसेंबरपर्यंत 599, जानेवारीपासून मे अखेरपर्यंत 600 मिळवून इसवी सन येतं; वर्ष मृगाला बदलतं, म्हणून सांध्यावरची तारीख जपून. दख्खनी फसलीत मिळवायचे 590 किंवा 591. एकाचा हिशेब दुसऱ्याला लावला की 9 वर्षांची चूक, आणि भोसले राजे रघुजी तिसरे वारल्यावरही (1853) त्यांचा दरबार भरलेला दिसतो. कागदावर सन कोणता, हे आधी नोंदवा, मग बेरीज.

वाकाटक काळासाठी ताम्रपट. प्रभावतीगुप्तेचा एक ताम्रपट उजेडात आला पुण्यात, पण दिलेला नंदिवर्धनहून, म्हणजे रामटेकजवळच्या नगरधनहून. तेव्हा सापडल्या जागेवरून राज्याची हद्द आखू नका. याच लेखात वाकाटकांची ही सून वंशावळ सुरू करते माहेरच्या गुप्तांपासून. मुलगा अल्पवयीन, राज्य आईच्या हाती, आणि मागे वजन कुणाचं ते दानपत्रच सांगून जातं. वाचनासाठी लिपी शिकत बसायला नको. संशोधक वा. वि. मिराशींच्या 1963 च्या कोरीव लेखांच्या खंडात वाकाटकांचे लेख वाचून दिलेले आहेत. मर्यादा एवढीच, की ताम्रपट दानाबद्दल बोलतो, बाजारभावाबद्दल नाही.

नाणी पूरक म्हणून ठीक. भोसल्यांच्या रुपयावर नाव मुघल बादशहाचं असतं, त्यामुळे नावावरून राजा ठरवायला गेलात की फसलात.

विसाव्या शतकासाठी वर्तमानपत्रं आणि मुलाखती जोडीनंच लागतात. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर 10 वर्षांचा असलेला मुलगा आज ऐंशीच्या घरात आहे. ही साधनं थांबणारी नाहीत. मुलाखतीत सन विचारू नका. ‘दीक्षेच्या आधी की नंतर?’, ‘नागपूर राजधानी होती तेव्हा?’ असं विचारा, उत्तर नेमकं येतं. वस्ती कशी होती, कोण कुठून चालत आलं, हे माणसांकडून घ्या. तारीख आणि ठराव छापील अंकातून. गर्दीचा आकडा दोन्हीकडे फुगतो. ध्वनिमुद्रणाआधी संमती लेखी घ्या, नाहीतर मुलाखत उद्धृत करता येत नाही.

सहा महिनेच हातात असतील आणि मोडी येत नसेल, तर भोसलेकाळ सोडा. 1854 नंतरचा, म्हणजे इंग्रजी अमलातला विषय घ्या. वर्षभर असेल तर पहिले तीन महिने मोडीला द्या.