बिलावर 'क्रँक रिबिल्ड', आत माझे सिलिंडरच नाहीत

जुन्या टू-स्ट्रोक स्पोर्ट्स बाइकचं इंजिन कुणाकडे सोडणार असाल तर आधी हे वाचा.

माझी गाडी यामाहा आरडी ३५०, १९७३ साली आलेलं मॉडेल. चॅसिस, वायरिंग, ब्रेक सगळं हौसेने घरीच केलं. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा, मात्र घरी होत नाही. त्याचे भाग प्रेसने एकमेकांत दाबून बसवलेले असतात. ते सोडवून, नवी बेअरिंग घालून पुन्हा एका रेषेत आणायला डायल गेज, म्हणजे बारीक फरक दाखवणारं माप, लागतं आणि हात बसलेला माणूस लागतो. म्हणून इंजिन एका वर्कशॉपला दिलं.

परत आलं ते चकाचक. केस पॉलिश केलेली, सिलिंडरला ताजा रंग, बिलावर 'क्रँक रिबिल्ड, चार मेन बेअरिंग, सील सेट'.

गाडी सुरूही झाली, पण थ्रॉटल सोडला तरी आरपीएम खाली येईना, आणि डावीकडचा प्लग पांढराफटक. टू-स्ट्रोकमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण क्रँककेसमधूनच (क्रँक ज्यात बसतो ती केस) वर जातं. तिथलं सील, म्हणजे क्रँकच्या टोकाची रबरी रिंग, गळलं की बाहेरची हवा शिरते, मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी; प्लग पांढरा पडतो तो यामुळेच), आणि तसंच पळवलं तर पिस्टन सीझ, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकतो. मी इनटेक-एक्झॉस्ट बंद करून पाच-सहा पीएसआय हवा भरली आणि साबणाचं पाणी मारलं. अल्टरनेटरच्या बाजूला फेसच फेस. सील जुनंच होतं, लाकडासारखं कडक.

इथपर्यंत कामचुकारपणा म्हणता आला असता. हेड उघडल्यावर पिस्टनवर '१.००' दिसलं. या इंजिनाचा स्टँडर्ड बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६४ मिमी. सिलिंडर झिजला की तो मोठा करून ओव्हरसाइज पिस्टन घालतात. हे पिस्टन पाव-पाव मिलिमीटरने वाढत साधारण एक मिमीपर्यंत जातात, त्यापुढे बहुधा स्लीव्हच, म्हणजे आत नवी नळी बसवणं. माझे सिलिंडर स्टँडर्ड बोअरचे होते, देण्याआधी बोअर गेज लावून फोटो काढले होते. म्हणजे माझे कुणाच्या तरी गाडीत गेले आणि संपलेले माझ्या गळ्यात. मग कार्बोरेटर उघडले. अस्सल मिकुनी कंपनीच्या जेटवर (पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा बारीक छिद्राचा पितळी भाग) चौकोनात चौकोन अशी खूण असते. इथे सगळे जेट कोरे.

क्रँककेस मात्र माझीच, कारण तिच्यावरचा नंबर कागदपत्रांत आहे. ज्यावर नंबर नाही आणि ज्याला जुन्या गाड्यांच्या बाजारात मागणी आहे, नेमकं तेच गेलं. चुकून अदलाबदल झाली असती तर इतकी निवड झाली नसती.

फोन केला तर आधी, "साहेब, टू-स्ट्रोक आहे, अशीच चालते." फोटो पाठवल्यावर, "पोरांकडून सामान मिसळलं असेल, बघतो." मग फोन उचलणंच बंद.

तुम्ही देताना सिलिंडर, कार्बोरेटर, रीड व्हॉल्व्ह (इनटेकची एकतर्फी झडप) यांवर आतल्या बाजूला, गॅस्केट बसते ती जागा सोडून, पंचने बारीक खूण करा. बोअरचं माप जॉब शीटवर लिहून वर्कशॉपवाल्याची सही घ्या. काढलेली बेअरिंग आणि सील परत मागा. काम खरंच झालं असेल तर ती त्याच्याकडे असतातच. आणि शेवटचे पैसे देण्याआधी प्रेशर टेस्ट तुमच्यासमोर करायला लावा. "तसलं काही आम्ही करत नाही" असं उत्तर इंजिन देतानाच मिळालं, तर इंजिन उचला आणि दुसरा माणूस शोधा.