तुळापूर की वढू बुद्रुक? अर्धाच दिवस हाताशी असेल तर

छत्रपती संभाजी महाराजांना वंदन करायला पुण्याहून निघणाऱ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. दोन्ही ठिकाणं ११ मार्च १६८९ शी जोडलेली. परंपरेनं तुळापूर हे बलिदानस्थळ, तर वढू बुद्रुकला अंत्यसंस्कार झाले. तुळापुरातही समाधी दाखवतात, त्यामुळे घोळ होतो. समाधीच्या दर्शनासाठीच निघाला असाल तर वढू गाठा. कवी कलशांची समाधीही तिथंच आहे.

नदीकाठ हवा असेल तर मात्र तुळापूरच. भीमा, भामा आणि इंद्रायणी इथं एकत्र येतात. काठावर संगमेश्वराचं मंदिर, घाट आणि महाराजांचं स्मारक. (महाराज पकडले गेले ते संगमेश्वर कोकणातलं, पोरांना आधीच सांगून ठेवा.) गावाचं नावही तुलेवरून पडलं. शहाजीराजांच्या काळात हत्तीला नावेत उभं करून पाण्याची रेषा आखली, मग तेवढीच नाव बुडेपर्यंत दगड भरून वजन काढलं, अशी कथा आहे. ती घाटावर उभं राहून सांगितली की मुलांना लगेच कळते. वढूचं समाधिस्थळ गावात आहे. तिथं फिरणं कमी, शांत बसणं जास्त. लहान मुलं कंटाळतात, पण ज्याला नुसतं डोकं टेकायचंय त्याला तासभर पुरतो.

तुळापुरात सांभाळायचं ते पाण्याला. पावसाळ्यात भीमेवरच्या चासकमान आणि भामेवरच्या भामा आसखेड धरणातून विसर्ग सुरू झाला की इथं ऊन असतानाही पाणी चढतं. घाटाच्या खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, तिथं उतरू नका. होडीत बसायचं तर लाइफ जॅकेट घातल्याशिवाय नाही. इंद्रायणी शहरी सांडपाणी घेऊन येते, म्हणून आंघोळही टाळा.

रस्त्यात फसायला होतं ते नावामुळे. वढू खुर्द हवेली तालुक्यात, तुळापूरच्याच बाजूला. समाधीचं वढू बुद्रुक शिरूर तालुक्यात, भीमेपलीकडे. नकाशात नुसतं ‘वढू’ टाकू नका. नगर रस्त्यानं आलात तर तुळापूरसाठी लोणीकंदहून फुलगावमार्गे आत, वढूसाठी पुढं कोरेगाव भीमाहून आत. आळंदी करून येणाऱ्यांना मरकळवरून तुळापूर सोपं.

दोन्ही करायचीच तर सकाळी आधी तुळापूर, मग वढू. दुपारी घाटावर उभं राहवत नाही, अनवाणी पाय भाजतात. शिवाय वाघोलीची कोंडी पहाटेच ओलांडलेली बरी. १ जानेवारीला पेरणे फाट्याच्या जयस्तंभाला अभिवादनासाठी लाखो लोक येतात आणि नगर रस्त्याची वाहतूक वळवतात; त्या दिवशी ही फेरी ठेवू नका. फाल्गुन अमावास्येला, म्हणजे पाडव्याच्या आदल्या दिवशी, दोन्हीकडे पुण्यतिथीची गर्दी असते. ती मानवंदना पाहायचीच असेल तर एकच ठिकाण धरा, आणि मी सांगेन वढू.